स्ट्रॉप केल्यावर सुरी उलट बोथट होते? आधी हे तपासा, मग चामडं शोधा

स्ट्रॉप म्हणजे दगडावर धार लावून झाल्यावर सुरी ज्यावर घोटतात ती चामड्याची पट्टी, बहुतेक फळीवर चिकटवलेली. स्ट्रॉप केल्यावर सुरी बोथट का होते हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवता येईल. तक्रारी साधारण तीन. पहिली, दगडावर धार मस्त लागली होती, पेपर सरसर कापत होता, मग चामड्यावर घासली आणि होती तीपण धार गेली. दुसरी, स्ट्रॉप केल्याकेल्या ब्लेडसारखी चालली पण दोन दिवसांत टोमॅटोवर घसरायला लागली. आणि तिसरी, चांगला स्ट्रॉप कुठे मिळतच नाही, ऑनलाइन मागवला तो रेक्झिन निघाला. गंमत अशी की पहिल्या दोन तक्रारीवालेसुद्धा शेवटी तिसरीवरच येतात, म्हणजे चामडं खराब असेल म्हणून नवं मागवतात, मग चामड्यावर चोळायची पॉलिशची पेस्ट म्हणजे कंपाउंड बदलतात, मग अजून महाग पेस्ट, आणि खरी गडबड असते दगडावरच. म्हणून मी चामड्याबद्दल नंतर बोलणार आहे, आधी बर.

बर म्हणजे काय ते वर्कशॉपमधे काम केलेल्यांना सांगायला नको. दगडावर एका बाजूने घासत गेलं की धारेचं टोक इतकं पातळ होतं की ते झिजायच्या ऐवजी पलीकडच्या बाजूला वळून बसतं, तारेसारखी एक कड. ती उठली म्हणजे त्या बाजूचं काम झालं ही खूण चांगलीच आहे, पण ती काढायला पाहिजे, आणि दगडावरच काढायला पाहिजे. लोक काय करतात, बर तशीच ठेवून थेट चामड्यावर जातात. चामडं मऊ, ते बर कापत नाही, फक्त ती सरळ उभी करतं. उभी राहिलेली बर अतिशय पातळ असते त्यामुळे पेपर काय, हातावरचे केससुद्धा निघतात, माणूस खूश. मग पहिल्याच कांद्याला सुरी पाटावर आपटली की ती कड लवंडते किंवा तुटून जाते आणि खाली राहतो तो बोथट भाग. दोन दिवसांत धार गेली याचं उत्तर दहातल्या आठ वेळा हे आहे.

तपासायचं कसं. बोटाने समजतं पण मोठी असेल तरच. कान साफ करायच्या बडचा कापूस घ्या, पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर असा हलका ओढा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत. जिथे बर आहे तिथे कापसाचे बारीक तंतू अडकून राहतात, अगदी स्पष्ट दिसतात. दुसरी पद्धत म्हणजे खोलीतला दिवा बंद करून धार वर धरायची आणि मोबाइलचा टॉर्च समोरून मारायचा, पातं हळूहळू डावीउजवीकडे कलतं करायचं. खरी धार चमकत नाही, कारण चमकायला तिथे सपाट जागाच नसते. पांढरी रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे एकतर बोथट आहे नाहीतर बर वळलेली आहे. टोकाजवळ आणि मुठीजवळ हमखास सापडतं, मधला भाग सगळ्यांचा चांगला असतो.

काढायची कशी तर दगडाच्या बारीक बाजूवर, दाब जवळजवळ शून्य, सुरीच्या स्वतःच्या वजनाइतकाच, आणि धार पुढे ठेवून म्हणजे दगडावरून पातळ काप काढतोय अशा दिशेने, एकदा ही बाजू एकदा ती बाजू, आलटून पालटून. तरी हटत नसेल तर पाठ थोडी जास्त उचला, नेहमीपेक्षा पाचेक डिग्री, आणि प्रत्येक बाजूला दोन-तीनच हलके हात मारा, त्यात बर मुळापासून छाटली जाते, मग परत नेहमीच्या कोनात काही हलके हात. आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांचं स्टील मऊ आणि चिवट असतं, त्यांची बर तुटत नाही, नुसती या बाजूची त्या बाजूला लोळत बसते, त्यामुळे स्वस्त सुरी महाग जपानी सुरीपेक्षा धार लावायला जास्त वैताग देते. हे ऐकून लोकांना विश्वास बसत नाही पण दोन्ही हाताळलेल्या कुणालाही विचारा.

आणि हो, सायकलवाल्या धारवाल्याकडून सुरी करून आणली असेल किंवा त्या ओढायच्या खाचेवाल्या यंत्रातून काढली असेल तर तिला चामडं लावूच नका आधी. फिरत्या चाकाची बर एवढी जाड असते की ती बिनभिंगाची दिसते, आणि चाकावर कड तापून निळी पडली असेल तर तेवढ्या भागातलं स्टील मऊ झालेलं असतं, ते दगडावर घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. धारवाल्याला दोष देत नाही, त्याला दोन मिनिटांत सुरी द्यायची असते.

आता समजा कापूस कुठेच अडकत नाही, दगडावरून उतरली तेव्हा सुरी पेपर कापत होती, आणि चामड्यावर गेल्यावरच बिघडली. मग दोनच गोष्टी, दाब किंवा कोन. चामडं दाबलं की खचतं आणि पातं पुढे गेलं की मागे परत फुगून वर येतं. जोरात दाबलंत तर ते धारेच्या टोकाला खालून वर वळसा घालतं आणि टोक गोल करतं. दगडाला सवयीने जोर लावणारे लोक तोच जोर इथे लावतात आणि शिवाय कंपाउंड थापलेलं असतं, म्हणजे गोल करायचं काम अजून जोरात. दाब इतका कमी पाहिजे की चामड्यावर पात्याचा खड्डा दिसता कामा नये.

कोन शोधायची सोपी युक्ती आहे. सुरी चामड्यावर आडवी झोपवा, अगदी हलक्या हाताने धार पुढे ठेवून सरकवा, आणि सरकवतासरकवता पाठ हळूहळू उचला. एका ठिकाणी धार चामड्यात किंचित रुतल्यासारखी अडेल. थांबा, तो तुमचा कोन, त्याच्यापेक्षा केसभर कमी ठेवा आणि आता उलट्या दिशेने ओढा, पाठ पुढे धार मागे. चामड्यावर कायम धार मागेच, नाहीतर चामडं कापलं जाईल. अंदाज म्हणून सांगतो, पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर 15 डिग्रीला पाठ साधारण 1 सेंटिमीटर वर येते, 20 ला 1.4 सेंटिमीटरच्या आसपास. बहुतेकांची पाठ यापेक्षा बरीच वर असते. खात्री करायची तर धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रंग द्या, चार हात मारा आणि बघा, रंग अगदी कडेचाच गेला तर कोन जास्त आहे, वरच्या भागाचाच गेला आणि कडेला राहिला तर कमी आहे.

अजून एक खोड असते ती म्हणजे हात संपताना मनगट वळवून सुरी उचलणे. न्हाव्याचं बघून बघून ती स्टाइल डोक्यात बसलेली असते, फटफट फटफट. त्या शेवटच्या वळणात पाठ वर जाते आणि प्रत्येक हाताला धारेचा शेंडा थोडाथोडा मारला जातो. हात संपला की थांबा, मग सरळ वर उचला. सावकाश करा, इथे वेगाला बक्षीस नाही.

एवढं सगळं नीट असूनही जमत नसेल तर मग चामडं. आता यात आपल्याकडे खरंच पंचाईत आहे. एकेकाळी वस्तऱ्याचा पट्टा प्रत्येक न्हाव्याकडे लटकलेला असायचा, आता सलूनमधे सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले (आणि आरोग्याच्या दृष्टीने ते बरंच झालं), त्यामुळे पट्टा गेला आणि त्याचा बाजारही गेला. म्हणून लोक जुना कमरेचा पट्टा फळीला चिकटवतात. पट्टा चालतो का, तर क्वचित. बाजारातले बरेच पट्टे म्हणजे आत कातड्याचा खालचा फाटा किंवा चक्क चामड्याचा भुगा चिकटवून केलेली शीट आणि वरून प्लास्टिकचा थर. त्यावर कंपाउंड धरतच नाही, गोळे होऊन निघून येतं. "जेन्युइन लेदर" असा छाप असला तरी त्यावर भुलू नका. सोफ्याचं, जाकिटाचं, पर्सचं चामडं खरं असलं तरी मऊ आणि ताणलं जाणारं, वर सांगितलेला वळसा घालण्यात ते पटाईत.

पाहिजे ते म्हणजे झाडाच्या सालीवर कमावलेलं, ज्याला व्हेज टॅन म्हणतात, घट्ट, न ताणणारं, 2 ते 3 मिलिमीटर जाडीचं. आणि हे शोधायला परदेशी साइटवर जायची काही गरज नाही, पारंपरिक कोल्हापुरी चपलेचा तळ नेमका याच चामड्याचा असतो. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, आणि वर ते चपलेसाठी ठोकून ठोकून दाबलेलं, म्हणजे स्ट्रॉपला अजून काय पाहिजे. 2019 मधे कोल्हापुरीला जीआय म्हणजे त्या भागाच्या नावाचं अधिकृत संरक्षण मिळालं त्यात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. या पट्ट्यात कुठेही राहत असाल तर हाताने चपला करणारा कारागीर गाठा, दुकानदार नव्हे, कारागीर. कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकानं आहेत पण तुकडा हवा असेल तर जिथे चपला बनतात तिथे जा, सुभाषनगर वगैरे भागात. "मामा, सुरी घासायला तळाचं चामडं पाहिजे, एवढी एवढी पट्टी" म्हटलं की पहिला प्रश्न येतो "जाड का बारीक?" आणि दुसरा, "शिकून धंदा काढताय का काय!" मधल्या थराचं बारीक मागा. पट्टी फळीएवढी सरळ पाहिजे हे आधी सांगा, कारण उरलेले तुकडे चपलेच्या आकाराच्या कापणीतले असतात, वाकडेतिकडे.

आणि घ्यायच्या आधी कड बघून घ्या. त्याला रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) एका टोकाला तिरका काप घ्यायला सांगा. रापी अशी सहज जाते की लोण्यातून गेल्यासारखी, आणि जो ताजा काप दिसतो त्यातच सगळं कळतं: वरपासून खालपर्यंत एकसारखा तपकिरी, दाट, तंतू घट्ट बसलेले, तर हे तुमचं. मधे निळसर-राखाडी पट्टा दिसला तर ते सालीऐवजी क्रोमवर म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, वरून रंग दिलेलं. कडेला वेगळा चकचकीत पापुद्रा दिसला तर वर प्लास्टिक आहे. घरी आणल्यावरही शंका असेल तर नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाका, सालीवर कमावलेलं आक्रसून वाकडं आणि कडक होतं, क्रोमवालं बहुतेक आहे तसंच राहतं. पाण्याचा थेंब टाकला तर व्हेज टॅन तो पिऊन गडद होतं, पण तेल पाजलेलं असेल तर तसं होत नाही म्हणून नुसत्या थेंबावर जाऊ नका. हल्ली कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चपला रबरी तळाच्या असतात हे तुम्हाला माहीत आहेच.

मुंबईवाल्यांना धारावी जवळ आहे, तिथल्या लेदरच्या दुकानांत विचारलं तर मिळतं, फक्त तिथे बॅगा-जाकिटांचं मऊ चामडं जास्त म्हणून "कडक, व्हेज टॅन, पट्ट्याचं" असं स्पष्ट बोला. ऑनलाइन मागवायचं तर कानपूरचं घोड्याच्या खोगीर-लगामाचं चामडं बघा, ते याच जातीचं असतं. अमेरिकेत-युरोपात असलेल्यांचं सोपं आहे, तिकडे हस्तकलेच्या दुकानात व्हेज टॅनच्या नावाने सरळ पट्टी मिळते. क्रोमवालंच हाताशी असेल तर फेकू नका, पातळ असेल तर घट्ट चिकटवून चालतं, दाब अजून कमी ठेवायचा एवढंच.

बनवायला काही नाही. सागवानाचा तुकडा किंवा 18 मिलिमीटर प्लाय, 30 सेंटिमीटर लांब, 6-7 रुंद. सुताराकडून मागून आणा पण सपाट आहे का ते स्वतः बघा, टेबलाच्या काचेवर सँडपेपर ठेवून फळी घासली की उंच भाग लगेच उघडे पडतात. चिकटवायला चांभाराचं सोल्यूशन म्हणजे फेविकॉल एसआरच्या जातीचं, दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटायचं बंद झालं की मगच जोडा. सरळ जोडा, कारण एकदा बसलं की हलत नाही. चामड्याला नंतर फुगे येतात, कडा सुटतात अशी जी तक्रार असते ती बहुतेक ओलं असतानाच जोडल्यामुळे. पांढरा फेविकॉलही चालतो, फक्त मग चामडं खाली करून कडप्प्यावर पालथं घाला आणि वर पाच-दहा किलोचं वजन ठेवून रात्रभर सोडा.

गुळगुळीत बाजू वर का खरखरीत? यावर लोक भांडतात. माझं मत गुळगुळीत, कारण ती जास्त घट्ट. म्हशीच्या कातड्याला मात्र वरून रवाळ दाणा असतो, तो 120 च्या सँडपेपरने थोडा घासून सपाट करा, मखमलीसारखी लव येईल इतकाच, म्हणजे कंपाउंडही धरतं.

कंपाउंड. इथे पण उगाच खर्च होतो. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे वापरतात तो हिरवा बार बहुतेक कामाला पुरतो, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला पॉलिशिंगचं सामान ठेवणाऱ्याकडे मिळतो. त्यात मेण, क्रोमियम ऑक्साइड आणि बऱ्याचदा अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. सोनारांचं लाल रूज आणू नका, ते लोहाचं ऑक्साइड, सोन्याचांदीसाठी ठीक, कडक स्टीलवर त्याचं काम कासवाच्या गतीने चालतं. आणि तुमची सुरी ज्यात व्हॅनेडियम भरपूर आहे अशा आधुनिक पावडर स्टीलची असेल तर हिरवा बारही तिथे कमी पडतो, कारण त्या स्टीलमधले व्हॅनेडियम कार्बाइडचे बारीक कण क्रोमियम ऑक्साइडपेक्षा कडक असतात, अशा वेळी 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट, वाटाण्याएवढी, बोटाने पसरवून. साध्या किचन सुरीला डायमंड लावायला हरकत काहीच नाही, पण गरजही नाही.

लावायचं किती? खडूने पाटीवर रेघा मारतो तितकंच. जाड थर दिला की मेणाचे ढेकूळ होतात आणि सुरी त्यांच्यावर उड्या मारत जाते. मेण कडक असेल तर हेअर ड्रायरने चामडं थोडं गरम करून मग घासा. काही हातांनंतर पृष्ठभाग काळा पडायला लागला तर घाबरू नका, ते तुमच्या सुरीचं स्टील आहे, म्हणजे काम होतंय. काळा पडून काचेसारखा चकाकायला लागला की मग कापायचं बंद होतं, "आधी चालत होता आता चालत नाही" हा प्रकार तोच. रॉकेल किंवा स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसा, सुकू द्या, बारीक सँडपेपरचा एक हलका हात, परत थोडं कंपाउंड. आणि स्ट्रॉपनंतर सुरी साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावू नका, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

तेलाबद्दल विचारतात. खोबरेल, शेंगदाणा, करडई, घरातलं कुठलंच तेल नको, ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते, कुबट वास येतो, आणि खोबरेल तर थंडीत गोठतं. चामडं फारच कोरडं वाटलं तर व्हॅसलीन, तेही नखभर. आपल्याकडे कोरडेपणापेक्षा पावसाळ्याचा त्रास मोठा, कोकणात आणि मुंबईत जुलैमधे कपाटातल्या स्ट्रॉपवर हमखास पांढरी बुरशी चढते. स्पिरिटने पुसून पंख्याखाली वाळवा, उन्हात ठेवू नका, उन्हात चामडं कडक होऊन कडा वर उचलतात आणि चिकटवलेलं सुटतं. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणं तर सगळ्यात वाईट. चामड्यावर मधे कट पडला असेल तर त्याच्या कडा सँडपेपरने मारून घ्या, खोल असेल तर तेवढा भाग सोडून वापरा, नाहीतर प्रत्येक हाताला धार तिथे अडेल.

एक उलटा प्रॉब्लेमपण येतो. सुरी हातावरचे केस काढते, पेपर कापते, पण टोमॅटोच्या सालीवर सरकते. ही बोथट नाहीये, अति गुळगुळीत झालीये. टोमॅटो, ढोबळी मिरची, मासे यांना थोडी करवतीसारखी चावणारी धार लागते, चामड्यावर खूप घोटलं की ते दात जातात. घरच्या सुरीला 1000 ग्रिटच्या (मध्यम दाण्याच्या) दगडावर थांबा आणि चामड्यावर प्रत्येक बाजूला पाच-सहा हात, बास. विळीला तर स्ट्रॉप लावायच्या भानगडीत पडू नका, तिचं काम जाड खरखरीत धारेवरच चांगलं चालतं, कानसेचा नाहीतर दगडाचा हात पुरे. कोयत्याचंही तेच. दातेरी ब्रेड नाइफ असेल तर फक्त सपाट बाजू, एकदोनदा.

रोज वापरातल्या सुरीला आठवड्यातून एकदा चामडं दाखवलं तर दगडाची पाळी बरीच लांबते, पण लांबते म्हणजे टळत नाही. दहा-बारा हातांत फरक पडला नाही तर पन्नास हातांनीही पडणार नाही, दगडाकडे जा. आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात भाजी चिरत असाल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही, लाकडी पाट आणा.

चामडं मिळेपर्यंत काय करायचं, तर पेपर. वर्तमानपत्राची दोन पानं घडी करून दगडाभोवती घट्ट गुंडाळा, सुरकुती नको, आणि त्यावर तसेच हलके हात मारा, धार मागे ठेवून. कंपाउंड असेल तर तेही थोडं घासा. कागद खचत नाही त्यामुळे टोक गोल व्हायची भीती चामड्यापेक्षा कमीच, फाटला की पान बदला.